टपावरची कयाक: प्रश्न वजनाचा नाही

कयाक गाडीच्या टपावर न्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: वजन किती? उत्तर ऐकून विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो, कारण ते फारच कमी असतं. बरगीच्या जलाशयावर किंवा ग्वारीघाट-तिलवाराघाटच्या संथ पाण्यात चालवतात तशी प्लास्टिकची एकट्याची कयाक साधारण तीन मीटर लांब आणि बावीस ते पंचवीस किलोची असते. शर्यतीची के-1 तर आंतरराष्ट्रीय नियमानुसार 12 किलोपर्यंत हलकी असू शकते. प्रवासाला निघालेल्या कुटुंबाची एक भरलेली बॅगही याहून जड भरते. मग गाडीबरोबर कंपनीने दिलेले टपावरचे रेल आहेतच, वर होडी ठेवू, चार वेढे दोरीचे मारू आणि निघू, असा सरळ हिशेब होतो. माझं म्हणणं असं की हा हिशेब पहिल्या प्रश्नापाशीच चुकतो. कयाकचा धोका तिच्या वजनात नसून तिच्या लांबीत आणि वाऱ्यात आहे. वजनावरून ठरवलेली बांधणी म्हणूनच नेमकी तिथे कमी पडते, जिथे होडी सुटू शकते.

जबलपूरच्या संदर्भात हे बोलायला कारण आहे. नर्मदा इथे शहराला लागून वाहते. भेडाघाट पंचवीसेक किलोमीटरवर आणि बरगीचं धरण पस्तीस-चाळीसवर आहे. मध्य प्रदेशात कयाकिंग आता केवळ पर्यटकांची हौस राहिलेलं नाही. 2023च्या सुरुवातीला खेलो इंडिया युवा स्पर्धा या राज्यात झाल्या आणि जलक्रीडांना त्यांत प्रथमच जागा मिळाली. संथ पाण्यातल्या शर्यती भोपाळच्या मोठ्या तलावावर झाल्या, उसळत्या पाण्यातली स्लॅलम महेश्वरच्या सहस्रधारेवर. जबलपूरही त्या स्पर्धांच्या यजमान शहरांपैकी एक होतं, पण जलक्रीडा त्याच्या वाट्याला आल्या नाहीत. इथल्या ज्याला या खेळात पुढे जायचं त्याला होडीसह भोपाळचा तीनशेच्या आसपास किलोमीटरचा रस्ता धरावा लागतो. ज्याचे नातलग नागपूरला आहेत (आणि जबलपूरच्या मराठी घरांपैकी कितीतरी घरांचे असतातच) त्याला पावणेतीनशे किलोमीटरचा दुसरा रस्ता खुणावतो. घाटापर्यंतची फेरी आणि हा महामार्गाचा प्रवास, दोन्हींत होडी तीच, गाडी तीच आणि रेलही तेच असतात. वेग मात्र वेगळा असतो आणि सगळा फरक तिथेच पडतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 50 किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला अकरा-बारा किलोच्या वजनाइतका असतो आणि 100ला तो पंचेचाळीसच्या घरात जातो. तीन मीटरच्या कयाकचं वरून दिसणारं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरू. टपावर ठेवलेल्या होडीचं पुढचं टोक बहुधा किंचित वर उचललेलं असतं आणि काचेवरून वर चढणारी हवा नेमकी त्या टोकाखाली शिरते. या दाबाचा एक-तृतीयांश भाग जरी होडी उचलण्याकडे वळला, तरी ताशी 50ला पाच-सहा किलोचा उठाव मिळतो, जो कुणाच्या लक्षातही येत नाही. 100ला तो बावीस-तेवीस किलोंवर जातो आणि ते होडीचं स्वतःचं वजनच झालं. म्हणजे चौपदरी रस्त्यावर कायद्याने परवानगी दिलेल्या वेगाला (2018च्या अधिसूचनेपासून मोटारीसाठी ही मर्यादा ताशी 100 आहे) होडी स्वतःच्या वजनाने टपावर बसलेली राहत नाही, ती फक्त पट्ट्यांच्या भरवशावर असते. हा ढोबळ हिशेब आहे, होडीचा आकार आणि ठेवण्याचा कोन बदलला की आकडे बदलतील, पण दिशा बदलणार नाही. हलकी होडी जास्त सुरक्षित ही समजूत इथे उलटी पडते. तेवढ्याच आकाराची जड होडी वाऱ्याला अधिक दाद न देणारी, हलकी लवकर उचलली जाणारी.

लांबीचा मुद्दा याहून अवघड आहे आणि तो खास आपल्या देशातला आहे. 2006च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आत बसणाऱ्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळाली, आणि तेव्हापासून भारतीय बाजारात 3.99 मीटर लांबीच्या गाड्यांचं पीक आलं. अशा गाडीचं टप आखूड असतं. त्यावर दोन आडव्या दांड्या बसवल्या तर त्यांच्यात पाऊण मीटरच्या आसपास अंतर सुटतं, फार तर थोडं अधिक. शर्यतीची के-1 ही 5.2 मीटरपर्यंत लांब असते. तिचा मध्य दांड्यांच्या मध्यावर ठेवला तरी होडी दोन्ही बाजूंना दांड्यांपलीकडे सव्वादोन मीटरच्या आसपास बाहेर राहते. पुढच्या टोकाला ट्रकच्या झोताने नुसता पाच किलोचा धक्का बसला, तर त्या टोकाची तरफ होते आणि पाऊण मीटरवरच्या दांड्यांवर तोच धक्का पंधरा ते वीस किलोंचा होऊन पोहोचतो. जबलपूर-नागपूर रस्त्यावर असे धक्के दर काही मिनिटांनी बसतात. लखनादौन, सिवनी, कुरई, पुढे पेंचच्या जंगलातला उंचावलेला आणि आवाज अडवणाऱ्या भिंतींचा टप्पा, सगळा रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत आहे. ट्रकना मागे टाकताना आधी त्यांच्या आडोशाची स्थिर हवा मिळते, मग केबिनपाशी एकदम बाजूचा फटका बसतो. रस्ता खराब होता तेव्हा गाड्या पन्नासच्या वर जात नसत आणि होड्याही सुटत नसत. रस्ता सुधारला म्हणून टपावरच्या बांधणीचा प्रश्न सुटला, असं समजणारे लोक गणित उलटं मांडतात.

आता कंपनीच्या रेलकडे येऊ. टपावर लांबीच्या दिशेने दिसणाऱ्या या चकचकीत पट्ट्या तीन जातींच्या असतात. काही टपापासून उंच उचललेल्या, ज्यांच्या खालून हात जातो. काही टपाला चिकटून बसवलेल्या, ज्यांना विशिष्ट क्लॅम्पच लागतो. आणि काही निव्वळ शोभेच्या, गाडी उंच आणि रांगडी दिसावी म्हणून लावलेल्या. कॅटलॉगमध्ये तिघींचंही नाव एकच असतं, रूफ रेल. रेनॉने ट्रायबरच्या माहितीत रेल वापरण्याजोगे असून 50 किलो भार सोसतात असं स्पष्ट लिहिलं, ही चांगली गोष्ट. पण एवढं स्पष्ट लिहिणाऱ्या कंपन्या थोड्या आहेत आणि बाकीच्यांचा आकडा मालकाच्या पुस्तिकेत कुठेतरी आत असतो. ती पुस्तिका बहुतेकांच्या गाडीत प्लास्टिकच्या वेष्टनासकट पडलेली असते. हा 50चा आकडाही नीट वाचायला हवा, कारण त्यात आडव्या दांड्या आणि होडी धरणारे खाचे धरलेले असतात. दांड्यांचे पाच-सहा किलो, खाच्यांचे चारेक, आणि त्यावर पंचवीस-पंचवीसच्या दोन प्लास्टिक कयाक: झाले साठ. एक होडी नेली तर मर्यादेच्या आत, दोन नेल्या की बाहेर. शर्यतीच्या दोन के-1 मात्र आरामात आत बसतात, पण त्यांची लांबी वर सांगितली तशी. म्हणजे वजनाच्या बाजूने सुटलं की लांबीच्या बाजूने अडकतं. शिवाय ही मर्यादा चालत्या गाडीची असते. खड्ड्यात आदळलेल्या गाडीच्या टपावरचा भार क्षणभर दुपटीने जाणवतो, हे धरूनच कंपनी तो आकडा एवढा लहान ठेवते.

जबलपूरसारख्या गावाला हे समजावून सांगावं लागू नये, असं मला वाटतं. इथे 1904पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे. 1969पासूनच्या वाहन कारखान्यातून शक्तिमान ट्रक बाहेर पडले, आणि जोंगा नावाची जी लष्करी गाडी देशभर फिरली तिच्या नावातच या गावाचं आद्याक्षर आहे. लष्करी गाडीच्या पुढच्या बाजूला पिवळ्या वर्तुळात एक आकडा रंगवलेला असतो. ती गाडी कोणत्या वर्गाच्या पुलावरून जाऊ शकते ते पुलावरचा शिपाई त्यावरून क्षणात ओळखतो. भार किती सोसायचा हे वस्तूवर लिहिलेलं असावं, ही शिस्त या गावातल्या कितीतरी घरांच्या पोटापाण्याचा भाग राहिली आहे. त्याच घरांतल्या खासगी गाडीच्या टपावर मात्र कुठलाच आकडा नसतो.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप येतो तो जुन्या आठवणींचा. अ‍ॅम्बॅसडरच्या टपावर लग्नाचं सगळं सामान जायचं, जीपच्या टपावर गाद्या, पलंग, पोती काय काय जायचं, कधी काही झालं का? आक्षेपात तथ्य आहे, पण ते कयाकला लागू होत नाही. अ‍ॅम्बॅसडर, ओम्नी, जिप्सी या गाड्यांच्या टपाच्या कडेने पावसाचं पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ असे. लोखंडी कॅरियर त्या पन्हळीला चार-सहा ठिकाणी पकडलेलं असायचं, त्याला चारही बाजूंनी कठडा असायचा आणि सामान त्या कठड्याच्या आत राहायचं. वेग पन्नासच्या आसपास. पोतं जड असतं, आखूड असतं आणि वाऱ्याखाली पंख पसरत नाही. आजच्या गाड्यांना ती पन्हळच नाही. टप दोन्ही बाजूंनी गुळगुळीत वळतं आणि सगळा भरवसा रेलच्या बुडाशी असलेल्या मोजक्या बोल्टांवर जातो. जुन्या कॅरियरचं यश नव्या रेलच्या खाती जमा करता येत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पट्टे, खाचे, दांड्या यांवर कशाला पैसे घालवायचे, बाजारात नायलॉनची दोरी किलोने मिळते की. इथे थोडं थांबून बांधणी जवळून पाहायला हवी. नायलॉन ओला झाला की ताणला जातो. सकाळी घट्ट वाटणारी दोरी बरगीहून परतताना ओल्या होडीवर सैल पडते, आणि माणूस तिला पुन्हा ओढून घट्ट करतो तेव्हा गाठ आधीच्या ठिकाणी न बसता भलतीकडे बसते. पॉलिएस्टरचा विणलेला इंचभर रुंद पट्टा फारसा ताणला जात नाही. त्याच्या टोकाला दातांची कळ असलेलं बक्कल असतं, हाताने ओढायचं आणि सोडायचं, बस. ट्रकवाल्यांचा खटक्याखटक्याने आवळणारा रॅचेट पट्टा इथे चुकीचा आहे, कारण त्यात हाताच्या ताकदीच्या कितीतरी पट ओढ बसते. मे महिन्यात जबलपूरचा पारा बेचाळीसच्या वर जातो, टपाचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो, आणि होडीचं तापलेलं पॉलिथिलीन मऊ पडतं. त्या वेळी रॅचेटने आवळलेल्या होडीच्या बुडाला पट्ट्याखाली कायमची खळी पडते आणि ती होडी पुढे पाण्यात एका बाजूला ओढत राहते. बांधणीत प्रत्येक आडव्या दांडीला एक पट्टा हवा. तो होडीवरून टाकून दांडीच्या खालून घ्यायचा, रेलच्या पायाच्या आतल्या बाजूने, म्हणजे तो दांडीच्या टोकाकडे सरकू शकत नाही. बक्कलाखाली फोमचा तुकडा ठेवायचा, नाहीतर ते टपावर किंवा काचेवर आपटत राहतं. पट्ट्याच्या मोकळ्या भागाला एक पीळ द्यायचा. सपाट पट्टा वाऱ्यात घूं-घूं वाजतो, पीळ दिलेला वाजत नाही. उरलेलं टोक गाठीत अडकवून दाराच्या आत बंद करायचं.

एवढ्यावर बहुतेक लोक थांबतात, आणि खरी चूक तिथेच होते. दोन पट्ट्यांनी होडी रेलला बांधली गेली, गाडीला नाही. रेलचं बुड सैल झालं किंवा दांडीचा क्लॅम्प निसटला तर होडी, पट्टे आणि दांडी असा अख्खा संच एकत्र उडतो. म्हणून पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला स्वतंत्र दोरी हवी, आणि ती गाडीच्या अंगाला, म्हणजे ओढण्यासाठी दिलेल्या कडीला किंवा बॉनेटखालच्या पक्क्या बोल्टला लावलेल्या पट्टीच्या फाशाला बांधलेली हवी. शक्यतो दोन्ही बाजूंना उतरणारी, उलट्या व्हीच्या आकारात, म्हणजे टोक उजवीकडे-डावीकडे डुलत नाही. या दोऱ्या खेचून ताणायच्या नाहीत. टोकाला खाली ओढलं तर होडीचं पोट दांड्यांवर वाकतं. ती नुसती सरळ राहील एवढी पुरे. पुढच्या दोरीचा आणखी एक फायदा कुणी सांगत नाही. ती चालकाच्या डोळ्यांसमोर असते. ती फडफडायला लागली की वर काहीतरी हललं आहे हे आरसा न बघता कळतं. बांधून झाल्यावर परीक्षा सोपी आहे: टोक धरून होडी जोराने हलवायची. गाडी स्प्रिंगांवर डुलली तर बांधणी ठीक. होडीच टपावर वेगळी हलली तर पट्टे सोडून पुन्हा सुरुवात. आणि निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबायचंच. शहरातून बरगीच्या रस्त्याला लागताना तिलवाऱ्याच्या पुलाच्या आधीची जागा त्यासाठी सोयीची आहे, कारण पुलावर नर्मदेवरचा वारा बाजूने येतो आणि बांधणी त्याआधी तपासलेली बरी.

भेडाघाट तर एवढासा, पंचवीस किलोमीटरसाठी एवढा खटाटोप कशाला, असाही प्रश्न येतो. वर दिलेल्या आकड्यांवरून या प्रश्नाला अर्धी कबुली द्यावीच लागेल. चाळीसच्या वेगाने गल्लीबोळातून ग्वारीघाटापर्यंत जाणाऱ्या होडीला वाऱ्यापासून फारसं भय नाही. पण तिथे धोका वेगळा असतो. अचानक म्हैस आडवी येते आणि करकचून ब्रेक दाबला जातो. त्या ब्रेकने पंचवीस किलोची होडी वीस किलोच्या जोराने पुढे सरकू पाहते. वरचे दोन पट्टे होडीला खाली दाबतात, पुढे सरकण्यापासून ते फक्त घर्षणाने अडवतात. ओल्या गुळगुळीत प्लास्टिकचं घर्षण कितीसं असणार? मागची दोरी इथे कामाला येते. म्हणजे जवळच्या फेरीत पुढच्या दोरीचं महत्त्व कमी होतं, मागचीचं नाही.

टपाचा नाद सोडून टेम्पो करावा, हा सल्ला व्यवहारी वाटतो आणि जलक्रीडा अकादमीसारख्या ठिकाणी, जिथे एकदम आठ-दहा होड्या न्यायच्या असतात, तिथे लांब ट्रेलर किंवा ट्रकला पर्याय नाहीच. पण एका माणसाच्या एका होडीसाठी छोटा हाथी केला तर त्याचा हौदा सात-सव्वासात फुटांचा, म्हणजे सव्वादोन मीटरही नाही. तीन मीटरची होडी मागे पाऊण मीटर बाहेर राहते आणि के-1 तर हौद्यापेक्षा जास्त हौद्याबाहेर. इथे कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनंतर गाडीच्या पुढे, मागे, बाजूला किंवा उंचीत परवानगीपेक्षा बाहेर आलेल्या भारासाठी 20,000 रुपये दंड आहे, वर तो भार उतरवण्याचा खर्च वेगळा. मागे लाल फडकं बांधलं की झालं, ही समजूत तर 2014मध्येच मोडीत निघायला हवी होती. मागे लोंबणाऱ्या सळ्यांनी माणसं मरत होती म्हणून केंद्र सरकारने त्या वर्षी तशी सूट काढून टाकली. होडीचं टोक सळीइतकं अणकुचीदार नसतं, पण मोटारसायकलवरच्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला ते येतंच, आणि टेम्पोत ते टपावरच्यापेक्षा खाली असल्यामुळे जास्त येतं. ज्याला ही सगळी झंझट नको आहे त्याच्यासाठी हवा भरून वापरायची कयाक हे प्रामाणिक उत्तर आहे. ती डिकीत मावते आणि संथ जलाशयावर पुरेशी चालते. शर्यतीच्या सरावाला मात्र तिचा उपयोग नाही.

तरीही चार मीटरच्या आतल्या गाडीवर 5.2 मीटरची होडी न्यावी का, या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे. ज्या गाडीच्या रेलवर दांड्यांमधलं अंतर मीटरभरही होत नाही, तिच्यावर के-1 घेऊन महामार्गाला लागू नये. घाटापर्यंत, सावकाश, दोन्ही टोकांना दोऱ्या बांधून न्यायला हरकत नाही. भोपाळला जायचं असेल तर चौघा-पाचजणांनी मिळून लांब टपाची गाडी करावी. तीन मीटरच्या प्लास्टिक कयाकला हे बंधन लागत नाही. तिला मर्यादेच्या आतलं वजन, चार बांधण्या आणि ऐंशीच्या आतला वेग एवढं पाळलं तर नागपूरही दूर नाही.

राहिली गोष्ट गाड्या बनवणाऱ्यांची. चालकाच्या दाराच्या खांबावर टायरमधल्या हवेचा दाब लिहिलेला छोटा कागद चिकटवलेला असतो. त्याच्याच खाली एक ओळ वाढवायला काय अडचण आहे: टपावरचा भार इतके किलो, आडव्या दांड्या धरून. रेल शोभेचे असतील तर तिथे शून्य लिहावं. तोवर गाडी घेताना शोरूममधल्या माणसाला हा आकडा विचारा, आणि तो पुस्तिकेतल्या पानावर बोट ठेवून दाखवू शकला नाही तर ते रेल शोभेचेच आहेत असं धरून चाला.